पत्त्यांच्या दुकानापासून मारिओपर्यंत : निन्टेन्डोची वाटचाल

क्योतो शहरात २३ सप्टेंबर १८८९ रोजी फुसाजिरो यामाउची या कारागिराने पत्त्यांचे दुकान काढले. दुकानाचे नाव निन्टेन्डो कोप्पाई. आज निन्टेन्डो म्हटले की टीव्हीच्या पडद्यावर उड्या मारणारा मिशीवाला मारिओ डोळ्यांपुढे येतो. पण या कंपनीची पहिली सत्तर-पंचाहत्तर वर्षे पत्ते तयार करण्यात आणि विकण्यातच गेली.

हे पत्ते आपल्या बावन्न पानांसारखे नव्हेत. त्यांना हनाफुदा म्हणतात. एकूण पाने ४८. वर्षाचे बारा महिने आणि प्रत्येक महिन्याची चार पाने. जानेवारीचे पाइनचे झाड आणि करकोचा, मार्चचा चेरीचा बहर, ऑगस्टचे गवताळ डोंगर आणि त्यावर पूर्ण चंद्र. आकडा कुठेही नाही. पान काडेपेटीएवढे लहान, पण चांगले जाड. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला कागद थरावर थर चिकटवून घ्यायचा, त्यावर चित्र छापायचे, कातरलेल्या साच्यातून एकेक रंग भरायचा, मागचा कागद कडेवरून पुढे दुमडून किनार करायची. नीट केलेले पान खाली टाकले की टक् असा आवाज येतो. डिसेंबरच्या एका पानावर कारखानदाराने आपली खूण छापायची, अशी रीत. निन्टेन्डोचे नाव तिथे असे.

आकडा का नाही, यामागे मोठी हकिकत आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज खलाशांनी जपानमध्ये पत्ते आणले आणि त्यांच्याबरोबर जुगारही आला. राज्यकर्त्यांनी बंदी घातली की लोक नव्या चित्रांचे पत्ते काढत. त्यावर बंदी आली की आणखी नवे. आकडे काढून फुलांची पाने करण्यापर्यंत मजल गेली. मेइजी काळात सरकारने हनाफुदाला मोकळीक दिली आणि थोड्याच वर्षांत फुसाजिरोंनी दुकान थाटले. त्यांचा माल खपला तो मुख्यतः जुगाराच्या अड्ड्यांवर. धंदेवाईक जुगारी प्रत्येक डावाला कोरा जोड फोडत, कारण वापरलेल्या पानावर खूण करून फसवणे सोपे. जोड जितके फुटतील तितका दुकानाचा गल्ला वाढे. कंपनीच्या गौरवग्रंथात ही गोष्ट ठळक छापली जात नसेल, पण संस्थेचा इतिहास लिहायचा तर तिचा पाया कशावर उभा राहिला हे सांगितलेच पाहिजे.

आपल्याकडेही पत्त्यांची अशी मोठी परंपरा होती. सावंतवाडीचे चितारी गोल गंजिफा रंगवत. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पाने, एकूण १२०. छापील स्वस्त पत्त्यांपुढे ही कला मोडकळीला आली. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी उरलेल्या कारागिरांना हाताशी धरून राजवाड्यातच काम सुरू केले, म्हणून ती तगली. तिथे कला जपली गेली. क्योतोत त्याच जातीच्या कलेतून जगभर पसरलेला उद्योग निघाला. दोन्ही कामे मोठी आहेत. पण दुसरे कसे घडले, हे समजून घेण्यासारखे आहे.

इंझोरीच्या स्मरणिकेत क्योतोच्या कंपनीचा इतिहास कशाला, असे कोणी विचारील. एक कारण सरळ आहे. मानोरा तालुक्यातल्या आपल्या गावात, आणि वाशिम जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत, एका पिढीच्या मुलांनी मारिओ खेळला. तो कुणी केला हे मात्र त्यांना कुणी सांगितले नाही. दुसरे कारण अधिक जवळचे. शाळा, वाचनालय, पतसंस्था, सोसायटी चालवणारी माणसे आपल्या गावोगाव आहेत. स्थापना करणारा जिद्दीचा असतो, दुसरी पिढी सांभाळते, आणि तिसऱ्या पिढीत संस्थेचे काय होते हे आपण जाणतो. निन्टेन्डो तिसऱ्या पिढीत बुडता बुडता वाचली, आणि नंतरही दोन-तीनदा वाचली. ती कशी, हा या लेखाचा विषय आहे.

फुसाजिरोंनी १९०२ मध्ये पाश्चात्त्य पद्धतीचे पत्तेही छापायला घेतले. तंबाखूच्या दुकानांतून माल विकण्याची त्यांची युक्ती फार चालली, कारण जिथे सिगारेट घेणारा येतो तिथेच पत्ते घेणाराही येतो. त्यांना मुलगा नव्हता. मुलीसाठी सेकिर्यो कानेदा हा जावई निवडला, त्याला यामाउची आडनाव देऊन घरात घेतला, आणि १९२९ मध्ये दुकान त्याच्या हाती दिले. सेकिर्योंनाही मुलगा झाला नाही. त्यांनीही जावई घरात घेतला, पण तो बायकोमुलाला टाकून निघून गेला. मागे राहिलेला नातू हिरोशी आजी-आजोबांकडे वाढला. १९४९ मध्ये आजोबांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा हिरोशी वासेदा विद्यापीठात शिकत होता. शिक्षण सोडून तो परतला आणि बाविसाव्या वर्षाच्या आतबाहेर कंपनीचा अध्यक्ष झाला. येताना त्याने अट घातली : कंपनीत दुसरा कुणी नातलग नको. जो होता त्यालाही बाहेर जावे लागले. कारखान्यातल्या जुन्या माणसांना हा पोरसवदा मालक पटेना. संप झाला, आणि हिरोशीने कित्येकांना नारळ दिला.

हिरोशी यामाउची हा माणूस प्रेमळ होता असे कुणी लिहिलेले नाही. पण पुढची त्रेपन्न वर्षे कंपनी त्याच्या एकट्याच्या शब्दावर चालली, आणि त्याची नजर तीक्ष्ण होती हे मान्यच करावे लागते. १९५३ मध्ये त्याने प्लास्टिकचे लेप दिलेले पत्ते काढले. जपानमध्ये असे पत्ते मोठ्या प्रमाणावर करणारी ही पहिली कंपनी. १९५६ मध्ये तो अमेरिकेत सिनसिनाटीला गेला. जगातली सगळ्यात मोठी पत्त्यांची कंपनी तिथे होती. तिचे कार्यालय बघून तो चकित झाला, कारण ते फारच साधे, लहानसे होते. पत्त्यांच्या धंद्यात जगात पहिला नंबर आला तरी माणूस एवढाच मोठा होतो, हे त्याने तिथे ताडले.

परत आल्यावर त्याने डिस्नेशी करार केला. १९५९ मध्ये मिकी माउसची चित्रे असलेले पत्ते बाजारात आले, सोबत खेळ समजावून सांगणारी पुस्तिका. अड्ड्यावरचे पत्ते घरातल्या मुलांच्या हातात आले. वर्षभरात सहा लाख जोड खपले. १९६२ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले, आणि १९६३ मध्ये नावातून पत्ते हा शब्द गळून नुसते निन्टेन्डो उरले.

मग सुरू झाली भटकंती. हातात पैसा होता, पण पत्त्यांची मागणी आता वाढणार नव्हती. यामाउचींनी दाइया नावाची टॅक्सी कंपनी चालवून पाहिली. गरम पाणी ओतले की तयार होणारा भात विकून पाहिला. बाबागाडी काढली, स्वस्त झेरॉक्स यंत्र काढले. ठोकळे काढले, तर लेगो कंपनीने त्यांच्यावर दावा गुदरला. यातले काही तोट्यात गेले, काही चालवण्याची दगदग परवडेना. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर पत्त्यांचा बाजारही बसला आणि शेअरचा भाव घसरत ६० येनांपर्यंत आला. वाचवले ते कारखान्यात यंत्रांची देखभाल करणाऱ्या एका तरुणाने.

गुनपेई योकोई हे त्याचे नाव. क्योतोच्याच दोशिशा विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्स शिकून १९६५ मध्ये तो लागला. काम काय, तर पत्ते छापणारी यंत्रे सुरळीत चालवणे. काम कमी आणि वेळ फार. रिकाम्या वेळात त्याने लाकडी पट्ट्यांची एक जाळी केली. एका टोकाची मूठ दाबली की जाळी लांब होत जायची आणि दुसऱ्या टोकाचा चिमटा दूरची वस्तू पकडायचा. मालक कारखान्यात फेरी मारताना नेमके त्याने हे खेळणे हातात धरलेले. बोलावणे आले. आता बोलणी खावी लागणार म्हणून योकोई गेला, तर यामाउचींनी सांगितले : हे बाजारात आणायचे आहे, तयार कर. १९६६ मध्ये अल्ट्रा हँड नावाने ते आले आणि बारा लाखांवर विकले गेले. यंत्रे दुरुस्त करणारा माणूस त्या दिवसापासून खेळणी घडवू लागला.

मला या सगळ्या इतिहासात हा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कामाच्या वेळात खेळणे करत बसलेल्या नोकराला दटावून परत यंत्रांकडे पाठवणारे मालक जगात भरपूर. यामाउचींना स्वतःला खेळणे बनवता येत नव्हते, खेळायची आवडही नव्हती. पण कुणाच्या हातात काय आहे हे त्यांना कळत होते.

योकोईची काम करण्याची रीत ठरलेली होती. नव्यातले नवे, महागातले महाग तंत्र त्याला नको असे. जे तंत्र जुने झाले आहे, स्वस्त झाले आहे, ज्यातले दोष सगळ्यांना पाठ आहेत, ते घ्यायचे आणि आजवर कुणी न केलेल्या कामाला लावायचे. शार्प कंपनीतून आलेल्या मासायुकी उएमुरांबरोबर त्याने प्रकाश ओळखणाऱ्या सेलवर चालणारी खेळण्यातली बंदूक केली. त्याच कल्पनेवर, बंद पडलेल्या बोलिंगच्या दालनांत प्रकाशाच्या बंदुकीने नेमबाजी खेळवायची मोठी योजना १९७३ मध्ये निघाली. सुरुवात जोरात झाली, आणि तेवढ्यात तेलाचे संकट आले. ऑर्डरी धडाधड रद्द झाल्या, कंपनी कर्जात रुतली आणि ते फेडायला कित्येक वर्षे गेली. १९७७ मध्ये टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रांनी थोडा श्वास मिळाला.

एकदा बुलेट ट्रेनमध्ये योकोईला कंटाळलेला एक नोकरदार दिसला. तो हातातल्या कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबत बसला होता. कॅल्क्युलेटरच्या काचा त्या वेळी मातीमोल भावाने मिळू लागल्या होत्या. त्यातून १९८० मध्ये गेम अँड वॉच आले : तळहातावर मावणारा खेळ, आणि त्यात घड्याळही. पुढच्या अकरा वर्षांत असे चार कोटी तेहतीस-चौतीस लाख नग खपले. १९८२ च्या एका नमुन्यात योकोईने डाव्या अंगठ्याखाली अधिक चिन्हाच्या आकाराचे बटण बसवले. आज बहुतेक खेळयंत्रांवर ते बटण असते.

कर्ज फिटले. आता मारिओ. १९८० मध्ये यामाउचींनी आपले जावई मिनोरू अराकावा यांना अमेरिकेत शाखा काढायला पाठवले. त्यांनी रडार स्कोप नावाच्या नाण्यावर चालणाऱ्या खेळाची तीन हजार यंत्रे मागवली. जेमतेम हजार गेली. जहाजाने माल पोहोचेपर्यंत लोकांची आवड पुढे गेली होती. दोन हजार यंत्रे गोदामात पडून. याच यंत्रांत दुसरा खेळ भरता येईल का, असा प्रश्न क्योतोत आला तेव्हा यामाउचींनी काम दिले शिगेरू मियामोतो या तरुणाला. मियामोतो १९७७ मध्ये लागलेला, चित्रे काढणारा, क्योतोजवळच्या सोनोबे गावचा. लहानपणी तो तिथल्या टेकड्या, तळी आणि गुहा कंदील घेऊन पालथ्या घाली. संगणकाची भाषा त्याला येत नव्हती. योकोईच्या देखरेखीखाली त्याने एक सुतार, एक माकड आणि एक पळवलेली मुलगी अशी गोष्ट रचली. तोवर खेळ आधी ठरे आणि गोष्ट नंतर चिकटवली जाई. मियामोतोने आधी गोष्ट मनात धरली.

त्या काळच्या पडद्यावर माणसाचे चित्र काढायला मूठभर चौकटीच मिळत. डोक्यावर केस नीट दिसेनात म्हणून टोपी घातली. तोंड दिसेना म्हणून नाकाखाली मोठी मिशी. चालताना हात हलतात हे दिसावे म्हणून खांद्यावरून पट्टे असलेला कामगारांचा पोशाख, बाह्यांचा रंग वेगळा. मारिओचे सगळे रूप असे अडचणीतून घडले आहे. सुरुवातीला त्याला नाव नव्हते. अमेरिकेतल्या गोदामाचे मालक मारिओ सेगाले यांच्यावरून तिथल्या लोकांनी त्याला मारिओ म्हणायला सुरुवात केली. गोदामातल्या दोन हजार यंत्रांचे सर्किटचे पाट हातांनी बदलण्यात आले, आणि १९८१ मध्ये डाँकी काँग नावाच्या या खेळाने अमेरिकेतली शाखा तारली. युनिव्हर्सल या चित्रपट कंपनीने किंग काँगची चोरी म्हणून दावा केला. निन्टेन्डोचे वकील जॉन कर्बी यांनी कोर्टात दाखवून दिले की किंग काँगच्या कथेवर कुणाचाही हक्क उरलेला नाही, हे युनिव्हर्सलनेच आधीच्या एका खटल्यात सिद्ध केले होते. पुढे निन्टेन्डोच्या एका गोंडस गुलाबी पात्राला कर्बी हे नाव मिळाले.

१५ जुलै १९८३ रोजी उएमुरांच्या चमूने घडवलेला फॅमिकॉम हा टीव्हीला जोडायचा खेळसंच जपानच्या बाजारात आला. किंमत १४,८०० येन. एका चिपमध्ये दोष निघाला. यामाउचींनी विकलेला सगळा माल परत मागवून आतला पाट बदलून दिला. ऐन सणाच्या दिवसांत दुकाने रिकामी राहिली, पण गिऱ्हाईक टिकले.

त्याच वर्षी अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता. कुणीही उठून कसलाही खेळ विकत होता. अटारी कंपनीने न खपलेल्या खेळांचे ढीग न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात गाडले. दुकानदार व्हिडिओ गेम हे शब्द ऐकून घ्यायला तयार नव्हते. निन्टेन्डोने १९८५ मध्ये न्यूयॉर्कपासून सुरुवात केली. तिथे फॅमिकॉमला खेळयंत्र न म्हणता करमणुकीची यंत्रणा म्हटले, सोबत एक छोटा रोबो दिला, आणि दुकानदारांना शब्द दिला : विकले गेले नाही तर पैसे देऊ नका, माल परत नेऊ. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जपानमध्ये सुपर मारिओ ब्रदर्स हा खेळ आला होता. जगभरात या यंत्राचे सहा कोटी एकोणीस लाख नग खपले.

या यशाची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. अमेरिकेतल्या यंत्रात कुलपासारखी एक चिप बसवलेली होती. निन्टेन्डोची परवानगी असलेली कॅसेटच तिथे चाले. बाहेरच्या कंपनीला वर्षाला पाचच खेळ काढता येत, कॅसेटी निन्टेन्डोकडूनच करून घ्याव्या लागत, पैसे आगाऊ मोजावे लागत, आणि न खपलेल्या मालाचा भुर्दंड तिचाच. अमेरिकेतला कचरा पाहिल्यावर दर्जा सांभाळण्याची ही सक्ती समजते. पण ती दर्जापाशी थांबली नाही. किमती पाडू नका म्हणून दुकानदारांवर दबाव आणल्याबद्दल अमेरिकी सरकारने कंपनीला १९९१ मध्ये तडजोड करायला लावली. युरोपात एका देशातला स्वस्त माल दुसऱ्या देशात जाऊ न दिल्याबद्दल २००२ मध्ये १४ कोटी ९० लाख युरोंचा दंड बसला. खेळणे करण्यात ही कंपनी जितकी उदार, धंद्यात तितकीच कठोर होती, आणि ही कठोरता मला मान्य नाही.

पकड कितीही घट्ट असली तरी फॅमिकॉमच्या नकला तैवान आणि चीनमध्ये निघाल्याच, आणि त्या वाटेने मारिओ आपल्याकडे आला. बाजाराच्या गावच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किंवा जत्रेतल्या पालात तो डबा मिळे. त्यावर भलतेच नाव, सोबत दोन रिमोट, एक नारिंगी बंदूक आणि पिवळी कॅसेट. कॅसेटवर लिहिलेले असे ९९९९ इन १. त्यात खरे खेळ असत मोजके, बाकी तेच फिरून फिरून. मारिओ, कॉन्ट्रा आणि उडणारी बदके मारायचा खेळ मात्र असायलाच हवे. कॅसेट चालली नाही तर काढायची, खालच्या पितळी दातांवर जोरात फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. भारनियमनाच्या काळात लाइट असेपर्यंतच खेळ. राज्य घेऊन खेळायचे, मेला की रिमोट दुसऱ्याकडे. शेंगदाणे-फुटाण्यांच्या पुड्या घेऊन मागे बसलेल्या पोरांना पडद्यावरचा प्रत्येक खड्डा तोंडपाठ. क्योतोतल्या माणसांना या खेळातून एक पैसा मिळाला नाही, ही वस्तुस्थिती आहे. आणि सोनोबेच्या टेकड्यांत हिंडलेल्या मियामोतोचे बालपण विदर्भातल्या मुलांपर्यंत पोहोचले, हीसुद्धा.

योकोईचे सगळ्यात मोठे काम १९८९ चे : गेम बॉय. पडदा हिरवट, रंग नाहीत. प्रतिस्पर्धी सेगाने रंगीत पडद्याचे यंत्र आणले, पण ते सहा पेन्सिल सेल तीन-चार तासांत संपवी. गेम बॉय चार पेन्सिल सेलवर त्याच्या कितीतरी पट चाले, खाली पडला तरी फुटत नसे, आणि स्वस्तही होता. सोबत मॉस्कोच्या अलेक्सेई पाजितनोव यांचा टेट्रिस हा खेळ. रंगीत आवृत्ती धरून गेम बॉयचे ११ कोटी ८६ लाख नग खपले.

यानंतर कंपनीच्या हातून मोठी चूक झाली. सीडीवर चालणाऱ्या यंत्रासाठी सोनीशी करार झालेला असताना १९९१ मध्ये निन्टेन्डोने जाहीरपणे फिलिप्सचा हात धरला. अपमानित सोनीने स्वतःचे यंत्र काढले, ते १९९४ चे प्लेस्टेशन. निन्टेन्डोच्या पुढच्या दोन यंत्रांना, निन्टेन्डो ६४ आणि गेमक्यूब यांना, त्याने मागे टाकले. १९९५ मध्ये योकोईचे लाल पडद्याचे व्हर्च्युअल बॉय पुरते पडले. आठ लाखही खपले नाहीत. योकोईने १९९६ मध्ये कंपनी सोडली आणि पुढच्याच वर्षी रस्त्यावरच्या अपघातात तो गेला. त्याच १९९६ मध्ये, त्याने घडवलेल्या जुन्या गेम बॉयसाठी सातोशी ताजिरी यांचा पोकेमॉन हा खेळ आला. लहानपणी किडे गोळा करणाऱ्या ताजिरींना दोन गेम बॉय जोडणारी वायर पाहून सुचले की या वायरीतून मुले आपापले प्राणी अदलाबदल करतील. पोकेमॉनने म्हातारे झालेले गेम बॉय पुन्हा तरुण केले.

२००२ मध्ये यामाउचींनी गादी सोडली, आणि ती घरात ठेवली नाही. नेमले सातोरू इवातांना. इवाता मूळचे प्रोग्रॅमर. हॅल लॅबोरेटरी ही कर्जात बुडालेली छोटी कंपनी त्यांनी सावरून दाखवली होती. त्यांनी विचारले की जे खेळत नाहीत त्यांच्या हाती काय द्यावे? दोन पडद्यांचे डीएस २००४ मध्ये आले आणि १५ कोटी ४० लाख विकले गेले. २००६ चे वी हातातला दांडा हलवून खेळायचे, म्हणून आजीआजोबाही बॅडमिंटनसारखे हात फिरवू लागले, ते दहा कोटींच्या वर गेले. मग उतार लागला. त्रिमितीचे ३डीएस चालेना म्हणून २०११ मध्ये सहा महिन्यांत किंमत पाडावी लागली. मार्च २०१२ ला संपलेल्या वर्षात कंपनीने चालू धंद्यात तोटा दाखवला. पुढचे वी यू तर जेमतेम एक कोटी छत्तीस लाख खपले.

भागधारक माणसे कमी करा म्हणू लागले. इवातांनी स्वतःचा पगार अर्धा केला, पण लोकांना काढायला ते तयार झाले नाहीत. आपली नोकरी जाईल या भीतीत जगणारा माणूस लोकांचे मन जिंकणारा खेळ बनवू शकत नाही, असे त्यांचे भागधारकांपुढचे म्हणणे. हे त्यांना करता आले याचे एक कारण अगदी व्यवहारी आहे : कंपनीने चांगल्या वर्षांतला पैसा उधळला नव्हता आणि कर्ज काढले नव्हते. तिजोरी भरलेली होती म्हणून तत्त्व पाळता आले. ११ जुलै २०१५ रोजी इवाता ५५ व्या वर्षी कर्करोगाने गेले. ज्या यंत्राची आखणी त्यांनी केली ते स्विच ३ मार्च २०१७ रोजी बाजारात आले : घरी टीव्हीला जोडा, बाहेर हातात घ्या. आतली चिप दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका यंत्रात वापरून झालेली. योकोईची रीत त्याच्या पश्चात वीस वर्षांनीही कंपनीत जिवंत होती. स्विच १५ कोटींच्या वर खपले.

बाकीचे उद्योग थोडक्यात. यामाउची १९९२ मध्ये सिअ‍ॅटलच्या बेसबॉल संघाचे मोठे भागीदार झाले; ते २०१३ मध्ये वारले. ओसाकात २०२१ मध्ये मारिओच्या जगाचे उद्यान निघाले. २०२३ च्या मारिओ चित्रपटाने १३० कोटी डॉलरांहून अधिक गल्ला केला. क्योतोतली कंपनीची जुनी इमारत आता हॉटेल आहे. उजी इथल्या ज्या कारखान्यात पत्ते तयार होत, तिथे २ ऑक्टोबर २०२४ रोजी संग्रहालय उघडले. पत्त्यांचा धंदा मात्र बंद झालेला नाही. हनाफुदा आजही विकला जातो, आणि सगळ्यात वरच्या प्रतीच्या जोडाच्या खोक्यावर अजून नेपोलियनचे चित्र असते. ५ जून २०२५ रोजी आलेल्या स्विच २ चे चार दिवसांत ३५ लाख नग गेले.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी सरळ संबंध आला तो २०२० मध्ये. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड यांनी पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स ही छोटी संस्था काढली होती. राजी नावाची मुलगी असुरांनी पळवलेल्या आपल्या भावाला, गोलूला, शोधत निघते, अशी त्यांची गोष्ट. मागे राजस्थानी किल्ले-वाड्यांचा देखावा, प्रसंग सांगायला सावल्यांच्या बाहुल्या, आणि भिंतींवर पुराणातली चित्रे. लोकवर्गणी गोळा करण्याचा २०१७ चा प्रयत्न फसला, तरी काम थांबले नाही. १८ ऑगस्ट २०२० रोजी राजी सगळ्यांत आधी निन्टेन्डोच्या स्विचवर आला. इतर यंत्रांवर तो ऑक्टोबरमध्ये गेला. पस्तीस वर्षांपूर्वी अशा लहान संस्थेला क्योतोला आगाऊ पैसे भरून हजारो कॅसेटी कराव्या लागल्या असत्या; आता खेळ थेट निन्टेन्डोच्या ऑनलाइन दुकानात लागला. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या उत्तम खेळाच्या अंतिम पाच नावांत पुण्याचा राजी होता.